पाणी की रिकामी जागा

काचीगुड्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकनाथरावांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्याच्या मागे भिंतीवर तुळजाभवानी, तिच्या शेजारी गजलक्ष्मी, आणि गजलक्ष्मीच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या चौकटीत टायटॅनियम ऑक्साइडच्या पृष्ठभागाचं चित्र. तिघींना रोज सकाळी हार. चित्र म्हणजे काय, तर करड्या रंगावर एकाआड एक उजळ आणि गडद पट्टे, शेतातल्या सऱ्यांसारखे, आणि गडद पट्ट्यांवर पांढरे ठिपके. गिऱ्हाइकं विचारायची, "क्या है सेठ ये? मच्छरदानी में छेद पडे सो फोटू है क्या?" एकनाथरावांना नेमका हाच प्रश्न हवा असे. हातातला डबा खाली ठेवून ते सांगायचे, "अणू है अणू! मेरी बेटी निकाली. पूरे हैदराबाद में इतना साफ कोई नहीं निकाला." पूर्ण हैदराबादची चौकशी त्यांनी कधी केली, ते तुळजाभवानीलाच ठाऊक.

ही बेटी म्हणजे त्रिवेणी. शहराच्या पश्चिमेकडच्या एका विद्यापीठात ती पीएचडी करत होती, आणि ती आता संपत आली होती. वडिलांचं घराणं मूळचं उदगीरकडचं, निजामाच्या वेळेपासून हैदराबादशी जाणंयेणं असलेलं. शेती सुटली, दुकान आलं, पण घरात विज्ञान शिरलं ते त्रिवेणीच्या पायानंच. त्यामुळे तिचं चित्र देवांच्या रांगेत बसलं, यात एकनाथरावांचा फार दोष काढता येणार नाही. तिने दोनदा म्हणून पाहिलं होतं, "बाबा, काढा ना ते तिथून. लोक हसायलेत." त्यावर ते म्हणाले होते, "हसू दे की. हसता हसता कुकर घेऊन जायलेत."

चित्रातले ठिपके हा तिचा शोध होता. टायटॅनियम ऑक्साइड म्हणजे काही सोनंनाणं नव्हे, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं ते. पण त्याचा स्वच्छ स्फटिक हवा काढून घेतलेल्या पोलादी चेंबरमध्ये तापवला, की पृष्ठभागावरचे काही ऑक्सिजनचे अणू उडून जातात आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. पदार्थाचं सगळं नाट्य या रिकाम्या जागांवर घडतं. कुठला वायू येऊन चिकटणार, कुठली प्रक्रिया होणार, सगळं तिथेच. हे पाहायला एक सुई लागते, टोकाशी जेमतेम एका अणूएवढी. ती पृष्ठभागाला न टेकता त्याच्यावरून ओळीमागून ओळ फिरते आणि संगणकावर चित्र उमटतं. स्फटिकाचा पृष्ठभाग काही सपाट ओटा नसतो, त्यालाही पायऱ्या असतात, एकेका थराच्या. त्रिवेणीचं म्हणणं असं, की रिकाम्या जागा कुठेही पडत नाहीत, त्या या पायऱ्यांच्या काठाला गर्दी करतात. त्यावर तिने लेख लिहिला, तिच्या मार्गदर्शकांनी, केशवराव सरांनी, तो वाचून मान डोलावली, आणि लेख एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला. तो छापून आला की तिचा प्रबंध उभा राहणार होता. प्रबंधाचा कणाच तो होता.

आणि एका सकाळी परीक्षकाचे प्रश्न आले. लेख तपासणाऱ्याचं नाव कळत नाही, अशी त्या जगाची रीत आहे. पहिले प्रश्न किरकोळ होते. शेवटचा असा होता: "हे ठिपके रिकाम्या जागांचेच आहेत, पाण्यापासून तयार झालेल्या हायड्रॉक्सिलचे नाहीत, हे लेखकांना कशावरून कळलं? चेंबर पूर्णपणे बेक केलं होतं का?"

प्रश्न अगदी सभ्य होता. तो वाचून त्रिवेणीने पत्र बंद केलं आणि लगेच पुन्हा उघडलं.

त्याचं कारण असं. चेंबरमध्ये पाण्याची किंचित जरी वाफ उरली असेल, तर पाण्याचा रेणू येऊन रिकाम्या जागेत बसतो. जागा भरते, पण मागे हायड्रोजन चिकटून राहतो, आणि सुईला तोही पांढरा ठिपकाच दिसतो. बसमध्ये एखादी सीट रिकामी असते आणि एखादीवर कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकलेला असतो. दारातून बघणाऱ्याला दोन्हीकडे माणूस दिसत नाही, आणि तो आनंदाने पुढे सरसावतो. त्रिवेणीने मोजले ते रुमाल असतील, तर लेख गेला, कणा गेला, आणि गजलक्ष्मीच्या शेजारी एकनाथराव रोज सकाळी पाण्याच्या डागांना हार घालत होते असा त्याचा अर्थ.

पाणी घालवायलाच चेंबर बेक करतात. बाहेरून तापवणाऱ्या पट्ट्या गुंडाळायच्या, वर अॅल्युमिनियमची फॉइल, आणि दिवसचे दिवस ते तापत ठेवायचं, आतून पंप ओढत असतात. लोणच्याची बरणी जशी उन्हात खडखडीत वाळवतात, तसंच. वरवर कोरडी दिसणारी बरणी चालत नाही, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आणि त्रिवेणीने बरणी अर्ध्यात उचलली होती.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. गेला दसरा. त्याआधी सुई बदलायला चेंबर उघडलं होतं, म्हणून नव्याने बेकिंग चालू होतं, आणि ते चालू असतानाच खंडेनवमी आली. त्यांच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी आयुधपूजा होते आणि ती दणक्यात होते. संगणक, पंप, पाने-पक्कड, अगदी कॉफीच्या मशीनलाही हळदकुंकू लागतं. दाराशी कोहळा फुटतो आणि दिवसभर कुठलंही यंत्र चालवायचं नाही, असा केशवराव सरांचा दंडक. त्रिवेणी सगळ्यांच्या आधी पोचली होती, झेंडूचे हार घेऊन. घरी दुकानात लहानपणापासून तिने पाहिलं होतं, की पूजलेल्या तराजूला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. तराजूसुद्धा एक दिवस विसावा घेतो, आणि इथे हे बिचारं चेंबर फॉइल गुंडाळून तापत पडलेलं. त्याला हार कसा घालायचा? टिळा कुठे लावायचा? तिने हीटरचं बटण बंद केलं. पूजा दुपारची होती, तोवर ते गार झालं, मग तिने फॉइल सोडवली, पोलाद फडक्याने पुसलं. पंप मात्र चालू ठेवले, तेवढी अक्कल तिला होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हीटर लावायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, आणि परत येऊन बघते तर दाब दाखवणारा आकडा इतका छान खाली गेलेला, की तिला वाटलं, झालं काम. गार झालेल्या भिंती पाणी सोडत नाहीत, धरून बसतात, म्हणून आकडा गोड दिसतो. पुस्तकात हे तिने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोर देवीचा प्रसाद म्हणून आकडा आला, की पुस्तक कोण उघडतं? तिने स्फटिक आत सरकवला, चित्रं काढली, आणि त्यानंतर चेंबर आजपर्यंत उघडलंच नव्हतं.

ही गोष्ट तिने आधी सांगितली ती अमेयला. अमेय पुण्याहून आलेला, तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्याहून एक वर्ष मागे. हुशार होता, आणि ते त्याला माहीत होतं. कॅंटीनमध्ये डोशाची प्लेट समोर घेऊन त्याने सगळं ऐकलं आणि लगेच उपाय काढला.

"अगं, यात रडण्यासारखं काय आहे? सुईतून तीन व्होल्ट द्यायचे. हायड्रोजन असेल तर उडून जाईल, ठिपका नाहीसा होईल. खरी रिकामी जागा असेल तर ठिपका राहील. चेंबर तेच आहे, स्फटिक तोच आहे. परवापर्यंत कळेल तुला."

"आणि सर?"

"सरांना कशाला सांगायचंय? आधी बघून घे. टिकले ठिपके, तर विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि नाही टिकले तर?"

अमेयने डोशाचा तुकडा चटणीत बुडवला आणि बराच वेळ बुडवतच राहिला. "तर मग बघू," तो म्हणाला.

त्रिवेणी त्या दिवशी बसने घरी जाताना याच दोन शब्दांवर अडकून पडली. अमेयचा उपाय बरोबर होता, यात शंका नाही. पण तिला स्वतःची ओळख होती. ठिपके टिकले, तर सांगायची गरज वाटणार नाही. आणि टिकले नाहीत, तर सांगायची हिंमत होणार नाही. म्हणजे चाचणी आधी केली, तर ती हे कुणालाच कधी सांगणार नव्हती. सांगायचं असेल, तर ते अजून काही कळलेलं नसतानाच सांगायला हवं होतं.

घरी आईने दोनदा विचारलं, एकनाथरावांनी एकदा. "काय झालं गं? परेशान दिसायलीस."

"काही नाही बाबा. थोडं तपासायचंय."

"तपास की मग," ते म्हणाले, आणि कुकरच्या रबरांचा हिशोब लावायला बसले. त्यांच्या दृष्टीने जगातली कुठलीही वस्तू एकदा ठोकून बघितली की कळते, खोटी की खरी.

केशवराव सर नल्लकुंट्याचे, जुन्या मराठी घरातले. प्रयोगशाळेत ते कायम इंग्रजीत बोलायचे. त्यांची मराठी बाहेर पडे ती दोनच वेळी, फार रागावले की किंवा फार खूश झाले की. त्यामुळे त्यांनी मराठीत हाक मारली, की विद्यार्थ्याला उत्तर देण्याआधी त्यांचा चेहरा बघावा लागे. निवृत्ती जवळ आली होती. त्रिवेणीचं चित्र त्यांनीही देशभर मिरवलं होतं, भाषणांत पहिलं चित्र तेच असे. तिच्या चुकीची किंमत एकटीने मोजायची असती, तर तिला इतकं भय वाटलं नसतं.

सकाळी ती त्यांच्या खोलीत गेली आणि समोरच्या खुर्चीत बसून परीक्षकाच्या पहिल्या प्रश्नावर बोलू लागली. आकृत्यांमधली अक्षरं मोठी करायची का, वगैरे. मग दुसऱ्या प्रश्नावर. मग पुन्हा अक्षरांवर आली. सर चष्म्याच्या वरून बघत होते. शेवटी ते उठले, दार लोटलं आणि मराठीत म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं लपवू नक्को. एकनाथरावांची पोरगी तू, तुमच्या घरी भांड्यांना तोटा नाही. काय झालंय?"

चेहऱ्यावरून राग की लोभ, काही कळेना. मग तिने सगळं सांगितलं. हीटर, झेंडू, गोड आकडा, सगळं. सांगताना ती टेबलावरच्या काचेकडे बघत होती. अमेयचा उपायही सांगितला, आणि तो आधी का केला नाही, तेही.

आपला उजवा हात उचलून सर त्याच्याकडेच बघत राहिले, तेव्हा त्रिवेणीला वाटलं, यांना बरं वाटत नाहीये की काय.

"त्या दिवशी चेंबरला टिळा कुणी लावला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, सर."

"कुठे लावला?"

"काचेच्या खिडकीखाली. पोलादाच्या कड्याला."

"कशानं?"

त्रिवेणीला प्रश्नाचा रोख कळेना. "बोटानं. अनामिकेनं."

"मग माझं बोट कायकू नाही भाजलं?"

तिने वर बघितलं. सर स्वतःच्या बोटाकडे असं बघत होते, की जणू ते बोटच त्यांच्याशी खोटं बोललं होतं.

"बेकिंग चालू असतं तर तिथे पाण्याचा थेंब पडला की चर्र होऊन उडाला असता. मी बोट टेकवलं, आरामात कुंकू लावलं, वर हात फिरवून नमस्कार केला. गार होतं, त्रिवेणी! फॉइलसुद्धा नव्हती. आणि बेकिंग लावायला मीच सांगितलं होतं. चाळीस वर्षं या पोलादाबरोबर काढली, आणि माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं, सांगू? पोरीनं किती छान पुसून ठेवलंय, वाटलं."

त्रिवेणीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. सरांनी टेबलावरची पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. प्रश्न आल्यापासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. ठिपक्यांचं काय ते अजून काहीच कळलेलं नव्हतं, लेख अजून तसाच टांगलेला होता, आणि तरी तिला इतकं हलकं वाटत होतं, की तिला त्याची लाज वाटली.

"आता?" तिने विचारलं.

"आता उत्तर लिही."

"आधी चाचणी करते ना, सर. म्हणजे काय लिहायचं ते कळेल."

"नक्को. निकाल कळला की माणूस वाक्यं गोड करायला लागतो. मी पण करतो, तू पण करशील. बेकिंग का थांबलं, ते आजच लिही. सरळ लिही. मग मशीनला हात लाव."

तिने तिथेच बसून लिहिलं: "बेकिंग चालू असताना आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रपूजेच्या दिवशी विद्यार्थिनीने हीटर बंद केला आणि तो पुन्हा लावला नाही. त्यामुळे चेंबरमध्ये पाणी उरलं असणं शक्य आहे." सरांनी वाचलं, पेन्सिलीने 'विद्यार्थिनीने' हा शब्द खोडला आणि वर 'आम्ही' लिहिलं. मग एक सुटलेला स्वल्पविराम घातला. व्याकरणाच्या बाबतीत ते कुणालाच माफ करत नसत, स्वतःलासुद्धा.

"आणि येत्या दसऱ्याला पूजा होणारच," ते म्हणाले. "बेकिंग संपल्यावर करू. देवी समजूतदार आहे, चार दिवस थांबते. पाणी नाही थांबत."

स्फटिक पुन्हा साफ करून तापवायला, गार करायला आणि सुई जागेवर आणायला वेळ लागला. दसऱ्यानंतर जसं केलं होतं तसंच सगळं करायचं होतं, जरासुद्धा फरक न करता. तापवल्यावर बिनरंगी स्फटिकाला निळसर झाक येते, ती आली. ऑक्सिजन निघून गेल्याची ती खूण. अमेय आपलं काम टाकून तिच्या शेजारी येऊन बसला. त्याला बोलावलं नव्हतं, पण तो आला, आणि पहिल्यांदाच काही सल्ला न देता बसला. सर मागे उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात.

पहिलं चित्र आलं, अगदी दुकानातल्यासारखं. खालच्या बाजूला मोकळं मैदान, वरच्या बाजूला पायरीचा काठ. मैदानावर ठिपके, काठाला जास्त ठिपके.

"आता दे," सर म्हणाले.

त्रिवेणीने सुईचा विद्युतदाब तीन व्होल्टवर नेला आणि तोच चौकोन पुन्हा पूर्ण फिरवला. मग व्होल्ट नेहमीच्या पातळीवर आणले आणि चित्र नव्याने काढायला लावलं. हे यंत्र चित्र एकदम दाखवत नाही. खालून वर, एकेक ओळ भरत जातं. माणसाचा अंत बघायचा, तर याहून चांगली सोय कुणाला सुचणार नाही.

खालच्या ओळी आल्या. गडद पट्टे कोरे होते. आणखी ओळी आल्या. कोरेच. जिथे पूर्वी ठिपके होते, तिथे आता नुसती सरी, स्वच्छ, नांगरून ठेवल्यासारखी. सगळे ठिपके पुसले गेले होते. रुमाल होते ते. पाणीच होतं.

"गेले," त्रिवेणी म्हणाली. वाटलं, उठून बाहेर जावं. पण मागे सर उभे होते, आणि त्यांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

"चित्र अर्धं झालंय," ते म्हणाले. "अर्ध्यावर उठायची सवय आपल्याला महागात पडलेली आहे."

ओळी वर सरकत राहिल्या. मैदान संपत आलं. आणि काठ जिथे सुरू होतो, तिथे पहिला ठिपका आला. मग त्याच ओळीत दुसरा. अमेय खुर्चीतून पुढे झुकला. पुढच्या ओळींत ठिपक्याला ठिपका लागून येऊ लागला. काठाला लागून सगळे होते तिथेच, जागच्या जागी, तीन व्होल्टना न जुमानता बसलेले. खोटे सगळे उडून गेले होते, आणि खरे सगळे नेमके तिथेच होते, जिथे त्रिवेणी म्हणाली होती.

"अरे!" अमेय ओरडला. "हे तर आधीपेक्षा चांगलं आलंय! आधी काठाला जास्त होते. आता तर फक्त काठालाच आहेत!"

सर आता बसले. बसले म्हणण्यापेक्षा खुर्चीने त्यांना झेललं. "जीव भांड्यात पडला," ते मराठीत म्हणाले, आणि या वेळी चेहरा बघायची गरज नव्हती. मग लगेच इंग्रजीत म्हणाले, की एका चित्राने काही सिद्ध होत नाही, अजून वेगवेगळ्या जागी करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, आणि दोघांनी वेगवेगळं मोजा.

त्यांनी केलं. त्रिवेणीने मोजले आणि अमेयने तिच्या आकड्यांकडे न बघता मोजले. सगळीकडे तेच निघालं. पाणी होतं, चूक झाली होती, जुनी मोजणी फुगलेली होती, ती सगळी बदलावी लागली. पण मूळ म्हणणं उभं राहिलं, पूर्वीपेक्षा ताठ.

उत्तर पाठवायच्या दिवशी तिघं सरांच्या खोलीत होते. नवी चित्रं जोडली, नवे आकडे भरले. अमेयने शेवटचं म्हणून सगळं वाचून काढलं आणि पूजेच्या वाक्यापाशी थांबला.

"सर, हे आता कशाला? चाचणी केली, निकाल आला. पाणी होतं, ते आम्ही काढून टाकलं, एवढं पुरे आहे. पूजेबिजेचं वाचून तिकडचा माणूस काय म्हणेल? हसतील आपल्याला."

हा प्रश्न साधा नव्हता. त्रिवेणीने मनात ते वाक्य त्या परक्या, नाव नसलेल्या माणसाच्या नजरेने वाचून पाहिलं आणि तिचे कान तापले. हळदकुंकू, कोहळा, झेंडू, आणि त्यापायी बंद केलेला हीटर. वाक्य काढलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि हात वर केले, म्हणजे तू ठरव.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांनी विचारलंय, बेक केलं होतं का. नव्हतं केलं. का नव्हतं, ते हे आहे. हसले तर हसू द्या." वडिलांची दुकानदारी इतकी अंगात मुरलेली असेल, असं तिला त्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं.

तिने पाठवून दिलं.

परीक्षकाचं उत्तर आलं तेव्हा ती गॅलरीत केस वाळवत उभी होती. रविवार होता. फोनवर संपादकाचं पत्र, खाली परीक्षकाचा अभिप्राय. ती उभ्याउभ्याच वाचू लागली. लेख स्वीकारावा. चाचणी समाधानकारक आहे. नवी मोजणी जुन्यापेक्षा पटणारी आहे. मग एक ओळ सोडून, शेवटी, दोन वाक्यं होती, आणि ती लेखासाठी नसून तिच्यासाठी होती हे वाचताक्षणी कळत होतं.

"मी हा प्रश्न विचारला, कारण आमच्या प्रयोगशाळेत नाताळच्या सुट्टीसाठी बेकिंग मध्येच बंद करून आम्ही सगळे घरी गेलो होतो. आम्ही मात्र आमच्या लेखात ते लिहिलं नाही."

त्रिवेणीने ते पुन्हा वाचलं. मग ओले केस तसेच सोडून तिने सरांना फोन लावला आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मग केशवराव सर मराठीत म्हणाले, "पुन्हा वाच. शेवटचं वाक्य फक्त. हल्लू वाच." आणि तिने ते हळूहळू वाचलं.